पाऊल उचलण्याची भीती

खुर्चीतून उठायचे म्हटले, की अण्णांचा हात आधी छातीवर जाई. पाण्याचा तांब्या घ्यायला वाकले, की स्वयंपाकघरातून आवाज येई, “अहो, राहू द्या! मी देते ना.” सूनबाई आंघोळीची बादलीही उचलू देत नसत. पूर्वी रोज पहाटे पूजेची फुले आणायला जाणाऱ्या अण्णांनी वर्षभरात सोसायटीचे फाटक ओलांडले नव्हते.

सुरुवात झाली ती एका संध्याकाळी. जिन्यात प्रचंड दम लागला, इस्पितळात राहावे लागले. घरी येताना कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ असे शब्द होते. ‘फेल’ म्हणजे बंद पडलेले, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला. वास्तविक या आजारात हृदय बंद पडलेले नसते. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवणे त्याला जड जाते, एवढेच. पण दम लागला म्हणजे आता संपले, ही धास्ती अण्णांच्या मनातून हटेना.

हे दुष्टचक्र असते. बसून राहिल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात. दुबळे स्नायू थोड्याच श्रमाने थकतात, दम लवकर लागतो आणि भीती खरीच होती असे वाटू लागते. एके काळी डॉक्टरही अशा रुग्णांना विश्रांतीच सांगत. आता तसे नाही. अमेरिका, कॅनडा व फ्रान्समधल्या 2,331 रुग्णांवरील पाहणीचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. प्रकृती स्थिर असणाऱ्यांना देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित ठरतो, असे त्यात दिसले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी अण्णांना इस्पितळाच्या व्हरांड्यात सहा मिनिटे चालायला लावले. अण्णा दोनदा थांबले, भिंतीला टेकले. दम लागला, पण थोड्या वेळात उतरलाही. ते पाहून डॉक्टर काकूंना म्हणाले, “काकू, यांना अडवू नका. यांच्याबरोबर चाला.”

नियम साधे होते. आधी पाच मिनिटे, मग हळूहळू वाढवायचे. चालताना बोलता आले पाहिजे. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबायचे. बसल्या जागी दम लागला, पायांवर सूज आली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, तर चालणे बाजूला ठेवून डॉक्टरांना कळवायचे. औषधे मात्र चुकवायची नाहीत.

पहिल्या दिवशी अण्णा फाटकापर्यंत जाऊन परतले. आठवड्याने कोपऱ्यावरच्या जास्वंदीपर्यंत पोहोचले. भीती पुरती गेलेली नाही. हात अजूनही मधूनच छातीवर जातो. पण परवा फुलांची परडी घेऊन ते निघाले, तेव्हा गुडघे धरून मागे राहिलेल्या काकूच म्हणाल्या, “अहो, जरा हळू चाला की!”