मूठ आणि तार

सायकलीचे गिअर हाताने बदलायचे की कानाने, हा प्रश्न मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पडला. ज्या वयात माझ्या सहकारी प्राध्यापिका गुडघ्यांविषयी बोलू लागतात, त्या वयात मी सायक्लोक्रॉसची सायकल घेतली. घेतली म्हणजे तिचा सांगाडा घेतला. पुण्यातील एका गृहस्थांनी तो विकताना गिअरचे शिफ्टर आणि नवे ब्रेक आधीच काढून ठेवले होते. हँडलवर एक जुनी, साधी ब्रेक-मुठींची जोडी तेवढी उरली होती.

सायक्लोक्रॉस हा युरोपातील हिवाळी चिखलाचा खेळ. फ्रान्समध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1902 मध्ये झाली. मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल, पण टायर खाचांचे. आणि चिखल अगदीच अंगावर आला की स्वार उतरतो, सायकल खांद्यावर घेतो आणि पळत सुटतो. शिरूर तालुक्यात हा खेळ कोणी खेळत नाही. त्याचे मैदान मात्र आमच्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फुकट उपलब्ध असते. न्हावऱ्याच्या पुढे भीमेकडे उतरणाऱ्या कोणत्याही पाणंदीत पाऊस पडल्यावर शिरून पाहावे. काळी माती टायरला नुसती चिकटत नाही, ती टायरवर थर चढवत जाते; आणि उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या त्या मातीत वाळल्या की गुडघाभर खोल घळी तयार होतात.

मला या वाटेने जायचे होते त्याला कारण होते. माझे वडील दौंडला एकटे राहतात. रेल्वेच्या कॅरेज-वॅगन खात्यात त्यांची उभी हयात गेली. शिरूरहून न्हावरे, पारगाव, केडगाव, पाटस असे करत दौंड गाठायचे तर डांबरी रस्ता आहेच. पण त्या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या शेजारून जाऊ लागल्या, की सायकलस्वाराला आपल्या नश्वरतेची जाणीव तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट होते. म्हणून जेथे जमेल तेथे पाणंदी आणि कालव्याच्या कडेचे मातीचे रस्ते.

पहिली चूक ब्रेकची. गावातल्या कारागिराने जे मिळत होते ते बसवले, म्हणजे डोंगरी सायकलीला असतात तसले व्ही-ब्रेक. आणि मुठी त्याच जुन्या, रस्त्याच्या सायकलीच्या. दोन्ही वस्तू आपापल्या जागी उत्तम. परंतु व्ही-ब्रेकचे हात लांब असतात, रबर रिमला टेकवण्यासाठी तार पुष्कळ खेचावी लागते. आणि या जातीची मूठ त्याच्या जवळजवळ निम्मीच तार ओढते. ही तूट भरून काढण्यासाठी त्याने रबरे रिमच्या अगदी लगत आणून ठेवली. कोरड्या रस्त्यावर ब्रेक झकास लागला. पाणंदीत शंभर पावले गेले नाही तोच रबर आणि रिम यांच्यामधल्या फटीत माती बसली आणि चाक फिरेनासे झाले. मी शहाणपणा केला. तार थोडी सैल करून रबरे दूर सारली. पुढच्या उतारावर मूठ दाबली, ती थेट हँडलला जाऊन टेकली, आणि सायकल थांबली नाही. थांबले ते उसाच्या सरीने. उजवे मनगट तीन आठवडे पट्टीत होते. त्या तीन आठवड्यांत मी फळ्यावर काहीही लिहिले नाही; विद्यार्थ्यांना त्याचे फारसे दुःख झाल्याचे दिसले नाही.

दोष कारागिराचा म्हणवत नाही. मूठ आणि ब्रेक ही जोडी म्हणून निवडायची असते, हे मलाच ठाऊक नव्हते. मराठीच्या प्राध्यापिकेला हे तरी कळायला हवे होते की क्रियापद बदलले की कर्त्याची विभक्तीही बदलावी लागते.

मनगट बरे होईपर्यंत वाचन केले. जुन्या सायक्लोक्रॉसच्या सायकलींना कँटिलिव्हर ब्रेक का असत, ते तेव्हा उमगले. त्यांची रबरे रिमपासून ऐसपैस अंतरावर राहतात, चिखलाला जायला जागा मिळते, आणि रस्त्याच्या मुठीची आखूड ओढ त्यांना पुरते. आता स्पर्धांतून डिस्क ब्रेक रूढ झाले आहेत. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायक्लोक्रॉसमध्ये त्यांना 2010 मध्ये मुभा दिली. त्यांची चकती चाकाच्या मध्यावर असते, चिखलापासून उंच. माझ्या सांगाड्याला डिस्क बसवण्याची सोय नव्हती, म्हणून तो मोह आपोआप टळला.

मग शिफ्टर. येथे मात्र मी महिनाभर अडले. शिमानो कंपनीने 1990 मध्ये ब्रेकची मूठ आणि गिअरचा खटका एकाच अवयवात आणला. कँपाग्नोलो 1992 मध्ये त्याच वाटेने गेली. मूठ मागे ओढली की ब्रेक, आत ढकलली की गिअर. स्पर्धकाला याहून सोयीचे काय असणार? हात मुठीवरून हलतच नाही. पण त्या मुठीच्या पोटात दातेरी चाके आणि अडण्या यांचे घड्याळासारखे यंत्र असते. आतले वंगण वाळले तर खटका बसत नाही; तारेचे टोक आतच विसकटून तुटले तर ते तुकडे उकरून काढणे हे ज्याचे त्याने पाहावे. शिरूर-दौंड पट्ट्यात असे यंत्र उघडणारा माणूस मला भेटला नाही. पंक्चर काढणारे, चाकाची ‘आउट’ काढणारे हात मात्र ठिकठिकाणी आहेत.

दुसरा पर्याय हँडलच्या टोकाला बसणाऱ्या दांडीचा. यातल्या काही दांड्यांना खटके बंद करण्याची सोय असते. मग दांडी सरकवत न्यायची आणि चेन बसली की नाही ते आवाजावरून ओळखायचे. किंचित खरखर ऐकू आली तर दांडी केसभर मागे. गिअरची पट्टी वाकली, चिखलाने तार जड झाली, तरी असा गिअर कसाबसा का होईना चालतो. तोटाही लपवण्याजोगा नाही: गिअर बदलताना तो हात ब्रेकवरून काढावा लागतो. उतार संपून लगेच चढ लागतो अशा ओढ्यापाशी थांबणे आणि गिअर हलका करणे ही दोन्ही कामे एकाच क्षणी हवी असतात, आणि तेथे ही दांडी दगा देते. मी शर्यत लावीत नाही, हे त्यावरचे माझे उत्तर. ते पुरेसे आहे असे मला अजूनही पूर्णपणे वाटत नाही.

तरी तीच घेतली. सोबत कँटिलिव्हर ब्रेक आणि लहान हातांसाठी बनवलेल्या साध्या मुठी. या ‘लहान हात’ प्रकरणाविषयी कोणी फारसे बोलत नाही. मुठी घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा सहा फुटी पुरुषाचा पंजा असतो; माझ्या बोटांची पेरे जुन्या मुठीवर जेमतेम टेकत होती. व्ही-ब्रेक नसते तरी मी त्या दिवशी वेळेत थांबले असते की नाही, शंकाच आहे. आणखी एक गोष्ट बदलून घेतली. जुनी जोडणी युरोपीय पद्धतीची, म्हणजे पुढचा ब्रेक डाव्या हाताला होता. वीस वर्षे स्कूटर चालवलेल्या माझ्या उजव्या हाताला पुढचा ब्रेक आपलाच वाटतो, आणि घाबरलेला हात विचार करीत नाही.

सायकल तयार झाली तेव्हा ती घेऊन दौंडला गेले. अण्णांनी ओट्यावर बसून मूठ दोनदा दाबली, सोडली, तारेवरून अंगठा फिरवला.

“तार तुटली तर काय होतं?”

“ब्रेक लागत नाही, अण्णा.”

“मग हा कसला ब्रेक?”

त्यांच्या काळातल्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. डब्यांखालच्या नळीत निर्वात पोकळी राखलेली असे तोवर ब्रेक सुटलेले. नळी फुटली, डबा निसटला, की हवा आत शिरे आणि गाडी आपोआप जखडली जाई. बिघाड म्हणजे थांबणे. सायकलीत नेमके उलटे आहे, आणि यावर मुठींच्या निवडीत काही इलाज नाही. मी म्हटले, “म्हणून दोन आहेत. तार दोघांची वेगळी.” ते काही बोलले नाहीत. चष्मा आणवून त्यांनी दोन्ही तारांची टोके तपासली, मागच्या तारेचा एक पदर सुटलेला दाखवला, आणि संध्याकाळच्या आत परत जायचे तर ती आताच बदल म्हणाले.

नवी तार स्टेशनाजवळच्या सायकलीच्या दुकानात मिळाली. दुकानदाराने कोणती कंपनी, कोणते मॉडेल, काही विचारले नाही. तारेच्या टोकाचा मणी मुठीच्या खाचेत बसतो की नाही एवढे पाहिले आणि ती कागदात गुंडाळून दिली. अण्णांनी ती स्वतः ओवली. त्यांचे हात आता कापतात, त्यामुळे वेळ लागला, आणि मला केडगावच्या पुढे अंधार पडला.