बाई, तोंड कशाने धुऊ?

बालमित्रांनो, वरणाचा डाग पडलेला पांढरा सदरा आईने साबणाने धुवायला घेतला, की त्या डागाचं काय होतं ते पाहिलंय का कधी? पिवळा डाग जाण्याऐवजी चक्क लाल होतो! मग सदरा भरपूर पाण्यात खळबळून काढला, की पुन्हा पिवळा. लहानपणी मला ही जादूच वाटायची. पुढे कळलं, की ही सगळी हळदीची करामत आहे. आणि गंमत अशी, की तोंड कशाने धुवावं हे ठरवायलाही हीच हळद आपल्याला मदत करते. कशी, ते आज सांगते.

मी वसई तालुक्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला शिकवते. जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा कुणाचा आवाज फुटलेला असतो, कुणी वीतभर उंच झालेलं असतं, तर कुणाच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या आलेल्या असतात. यात घाबरण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काहीच नाही. आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या छोट्या छोट्या तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरातली संप्रेरकं या ग्रंथींना जास्त कामाला लावतात. जास्तीचं तेल आणि त्वचेच्या मेलेल्या पेशी मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं. आत जिवाणू वाढतात, सूज येते आणि मुरूम तयार होतो. म्हणजे बघा, मुरूम काही मळामुळे येत नाहीत. नाकावरचे काळे ठिपकेसुद्धा मळाचे नसतात. छिद्रात अडकलेलं तेल आणि त्वचेचं रंगद्रव्य हवेशी आलं, की ते काळं दिसतं. कितीही घासलं तरी ते जात नाही, उलट त्वचा मात्र सोलवटते.

हे ठाऊक नसलं की काय होतं, ते मी पाहिलं आहे. एका वर्षी स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. सातवीतली एक मुलगी कोळीनृत्यात पुढच्या रांगेत होती. कुणीतरी तिला तिच्या मुरमांवरून आणि रंगावरून चिडवलं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. घरच्या घरी दिवसातून पाच-सहा वेळा अंगाच्या साबणाने तोंड धुतलं, वर लिंबाची फोड चोळली, साखरेने घासलं. चौथ्या दिवशी ती शाळेत आली ती ओढणीने अर्धं तोंड झाकून. गाल लालभडक झालेले, ओठांच्या कडेला साली निघालेल्या. घाम आला तरी चुरचुरत होतं. आई तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळे उपाय बंद करायला लावले आणि काही दिवस नुसत्या पाण्याने तोंड धुऊन साधं मॉइश्चरायझर लावायला सांगितलं. गाल बरे झाले. पण त्या वर्षी ती नाचली मात्र नाही. नंतर तिनेच मला विचारलं, "बाई, मग तोंड कशाने धुऊ?"

प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. म्हणून आम्ही सगळ्या वर्गाने मिळून एक प्रयोग केला. तुम्हीही करून पाहा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवायची, टिपकागदाच्या पट्ट्यांना लावायची आणि पट्ट्या सावलीत वाळवायच्या. मुलांनी आपापल्या घरून साबणाचा छोटासा तुकडा किंवा छोट्या बाटलीत थोडासा फेसवॉश आणला. प्रत्येक नमुना थोड्या पाण्यात विरघळवून त्याचा एकेक थेंब पट्टीवर सोडला. चंदनाचा साबण, कडुनिंबाचा साबण, लहान बाळाचं चित्र असलेला साबण, सगळ्यांचे थेंब लाल! काही फेसवॉशचे थेंब मात्र पिवळेच राहिले.

याचा अर्थ काय? पदार्थ आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे पीएच नावाच्या आकड्यावरून कळतं. सात म्हणजे उदासीन. सातच्या खाली आम्ल, वर अल्क. आपल्या त्वचेचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. हा आम्लाचा पातळ थर जिवाणूंना आवर घालतो आणि त्वचेतला ओलावा टिकवतो. खरा साबण मात्र तेल आणि अल्क यांच्यापासून बनतो, त्यामुळे त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. म्हणून हळद लाल होते. वेष्टनावर चंदन असो की बाळ, साबण तो साबणच. एखाद्या वेळी साबण लावल्याने काही बिघडत नाही, त्वचा थोड्या वेळाने पूर्ववत होते. पण तिला सावरायला वेळच दिला नाही, तर ती कोरडी पडते, आग होते.

हळदीला सगळंच कळतं, असंही नाही बरं का! थेंब पिवळा राहिला तरी एखादा फेसवॉश त्वचेतलं तेल जास्त ओढून घेणारा असू शकतो. म्हणून दुसरी परीक्षा आपल्या त्वचेचीच घ्यायची.

रविवारी सकाळी तोंड धुवा, मऊ पंच्याने टिपून घ्या आणि तासभर काही लावू नका. मग आरशापुढे उभे राहा आणि पातळ कागद चेहऱ्यावर हलकेच दाबा. कपाळ, नाक, हनुवटी, गाल सगळीकडे तेलाचे पारदर्शक डाग उठले, तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर उठले, तर मिश्र. कागद कोरडा आणि हसताना गाल ताणल्यासारखे वाटत असतील, तर कोरडी. तेलही दिसत नाही आणि ताणही जाणवत नाही, तर सामान्य. आणि काहीही लावलं की खाज, आग किंवा लाली येत असेल, तर त्वचा संवेदनशील समजायची.

आता निवड सोपी होते. तेलकट त्वचेला सौम्य, फेसाळ फेसवॉश चालतो. मुरूम असतील तर सॅलिसिलिक आम्ल असलेला उपयोगी पडतो, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रातलं बूच सैल करतं. पण तो मोठ्यांना विचारूनच घ्यायचा. कोरड्या त्वचेला ग्लिसरीन असलेला, कमी फेसाचा, दुधाळ क्लिन्झर बरा. मिश्र त्वचेला सौम्य फेसवॉश पुरतो, फक्त गालांवर तो कमी चोळायचा. संवेदनशील त्वचेला बिनवासाचा घ्यायचा, आणि तोही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, दोन-तीन दिवस वाट पाहायची. सामान्य त्वचेचे लोक भाग्यवान! आणि पहिली ते चौथीतल्या माझ्या छोट्या दोस्तांनो, तुम्हांला यातलं काहीच नको. स्वच्छ पाणी पुष्कळ झालं.

आपल्या वसई-विरारकडे आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, तो म्हणजे पाण्याचा. माझं लहानपण वाडीत गेलं. समुद्र जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं आणि साबणाला काही केल्या फेस यायचा नाही. विज्ञानाच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटलंय. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात आणि पांढरट, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो ना, तोच. तो त्वचेवरही बसतो. माझी आजी मुलींना डाळीच्या पिठाने तोंड धुवायला लावायची. पीठ तेल शोषून घेतं आणि त्याचा साका होत नाही. आता मी इमारतीत राहते. सूर्या धरणाचं पाणी कमी आलं, की टँकर किंवा बोअरवेलचं पाणी वापरावं लागतं. तुमच्याकडेही असंच असेल, तर साबणापेक्षा सौम्य फेसवॉश बरा, कारण त्याचा असा साका होत नाही. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेता आले, तर उत्तमच.

ऋतूकडेही लक्ष असू द्या. मे-जूनमध्ये दमट हवेत घाम वाळत नाही, चेहरा चिकट होतो. जानेवारीच्या थंडीत तोच चेहरा फुटतो. तेव्हा उन्हाळ्यात चाललेला फेसवॉश हिवाळ्यातही चालेलच, असं नाही.

"पण बाई, आमच्या घरी सगळ्यांना मिळून एकच साबण आहे," असं कुणी म्हणेल. हरकत नाही. मग वेष्टन वाचायला शिका. त्यावर टॉयलेट सोप लिहिलंय की बेदिंग बार, ते पाहा. टीएफएम म्हणजे साबणातला एकूण स्निग्ध अंश. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या ग्रेडच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के, दुसऱ्यात ७० आणि तिसऱ्यात ६० टक्के असावा लागतो. बेदिंग बारमध्ये ४० टक्के असला तरी चालतो. परवडणाऱ्या साबणांतही पहिल्या ग्रेडचे मिळतात. वडी चेहऱ्यावर घासू नका. तळहातावर फेस करा, तो हलकेच फिरवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. सकाळी एकदा, रात्री एकदा आणि खेळून घाम आल्यावर एकदा, बस्स! लिंबू, टूथपेस्ट, साखर चेहऱ्यावर नको. मुरूम फोडायचे नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तोंड धुऊन माणूस गोरा होत नाही. आपला रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो, आणि ते उन्हापासून आपलं रक्षण करतं. ते काही मळ नाही, की धुऊन काढावं. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली आपल्या नावातला ‘फेअर’ शब्द काढून टाकला आणि ‘ग्लो’ घातला. आपणही आपल्या बोलण्यातून काही शब्द काढून टाकू या. वर्गात कुणाला रंगावरून, मुरमांवरून हाक मारायची नाही. चिडवणाऱ्याला दोन मिनिटं मजा वाटते, पण ऐकणारा मात्र घरी जाऊन तोंड घासत बसतो.

पालकहो, दोन शब्द तुमच्याशीही. गोरं करणाऱ्या बिनलेबलच्या क्रीममध्ये कधी कधी पारा सापडतो, आणि पारा मूत्रपिंडांना इजा करतो. स्टेरॉइड असलेली मलमं आपल्या मनाने चेहऱ्याला लावली, तर त्वचा पातळ पडते आणि मुरूम वाढतात. म्हणूनच केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मुरूम मोठे, दुखरे असतील किंवा खड्डे पडत असतील, तर मुलांना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. "वयात आलं की होतंच" म्हणून सोडून देऊ नका. आणि पाहुण्यांसमोर त्यांच्या चेहऱ्याविषयी बोलू नका.

तर मग मुलांनो, येत्या रविवारी हळद, टिपकागद आणि घरातला साबण घेऊन बसा. कोणता थेंब लाल झाला, कोणता पिवळा राहिला, ते वहीत नोंदवा. शेजारी आपल्या त्वचेचा प्रकारही लिहा. मग पुढच्या वेळी दुकानात गेलात, की जाहिरातीतला चेहरा आठवू नका, वहीचं ते पान आठवा.