तिथीची पाऊणपट

शाळेच्या कुंपणापलीकडे सुरूचें बन आणि बनापुढें समुद्र, अशा जागीं आम्हीं बरींच वर्षें आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय शिकविला. सूर्यनमस्कार, खोखो, लेझीम, दांतांची निगा, उकळलेलें पाणी, सगळें क्रमानें होई. परीक्षा जवळ आली कीं आमचा तास गणिताकडे जाई, आणि खरें सांगावयाचें तर त्याचें आम्हांस फारसें दुःख नसे. समुद्राचें नांव मात्र आमच्या तासाला कधींच निघालें नाहीं.

एका मार्गशीर्षांत विनायकी चतुर्थीस नववीचा वर्ग घेऊन आम्ही अलिबागचा कुलाबा किल्ला पाहावयास गेलों. ओहोटीस तेथें पायीं जातां येतें. नवाच्या सुमारास ओली वाळू तुडवीत मुलें किल्ल्यांत शिरलीं. राघोजी आंग्र्यांनीं १७५९ सालीं बांधलेल्या देवळांत गणपतीचें दर्शन झालें, पुष्करणी पाहून झाली. मग आम्हांस दुर्बुद्धि सुचली. मोकळी जागा दिसली म्हणून आम्हीं तेथेंच कवायत घेतली! वर्गांतला एक कोळ्याचा मुलगा दोनदां म्हणाला, "सर, पाणी भरतंय, निघूं या." कवायतींत त्याचें पाऊल नेहमीं चुके. आम्हीं त्यास रांगेंत उभें राहावयास सांगितलें.

परततांना मध्यावर पाणी कमरेला लागलें. एका मुलीचा पाय खळग्यांत गेला आणि ती दिसेनाशी झाली. तिला वेणी धरून वर काढलें तें त्याच मुलानें. आम्ही दोन हातांवर होतों, पण आम्हांस पोहतां येत नव्हतें. संध्याकाळीं तिच्या आजीनें आमच्या हातावर साखर ठेविली. "पोर परत आणलीत," असें त्या म्हणाल्या. ती साखर आम्हांस गिळवेना. खरी हकीगत त्या घरीं सांगावयास आम्हांस आठ दिवस लागले.

त्या मुलास विचारलें तेव्हां तो म्हणाला, तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तिसऱ्या प्रहरीं तीनाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळीं नवालाच ओहोटी सरलेली. वाचकांच्या घरीं पंचांग असतेंच. आमच्याही घरीं होतें. एकादशी पाहण्यापलीकडे तें आम्हीं उघडलें नव्हतें.

तेव्हांपासून आमचा पहिला तास फळ्यावर तिथि लिहून सुरू होई, व दुसरा बुडालेल्यास काढल्यानंतरचा. पोट दाबून पाणी काढणें, उलटें धरून फिरविणें यांत मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असल्यास आधीं तोंडानें श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यावर दाब; तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. पोहतां न येणाऱ्यानें उडी घालूं नये. दोर, बांबू, बूच लावलेला रिकामा डबा फेकावा. हें सांगतांना आमचा आवाज खालीं येई. २०१६ च्या फेब्रुवारींत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ती बातमी वाचतांना आम्हांस ती वेणीच दिसली.

गणिताचे शिक्षक पुढेंही तास मागावयास येत. पाऊणपट हें गणितच आहे, बसा, असें आम्ही म्हणत असूं. पोहणें मात्र आम्ही बेचाळिसाव्या वर्षीं शिकलों, गांवच्या तळ्यांत, त्या मुलाच्या चुलत्याकडून. अजूनही पाय तळाला टेकतो कीं नाहीं, तें आम्ही चांचपून पाहतों.