हवेची वाट

आमच्या चिरंजीवांनी एका संध्याकाळी दोन छायाचित्रे माझ्यासमोर धरली आणि विचारले, "बाबा, यातलं कुठलं घेऊ? पत्रा तुम्हाला कळतो."

दोन्ही छायाचित्रे संगणकाच्या कॅबिनेटची होती. खेळ खेळणाऱ्यांसाठी म्हणून कॅबिनेट वेगळे मिळते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मुलगा दिवसा घरी बसून घरांची त्रिमिती चित्रे करतो आणि रात्री त्याच यंत्रावर खेळतो. दोन्हींसाठी ताकदीचे ग्राफिक्स कार्ड लागते, आणि ते घालायला तसेच घर.

खरे सांगायचे तर त्याच्या प्रश्नाने मी सुखावलो. बेळगावच्या उद्यमबागेत चौतीस वर्षे मी विजेच्या पॅनेलच्या पत्र्याच्या पेट्या केल्या. मुलगा त्या धंद्यात आला नाही. शेवटी बेंडिंग मशीन विकले, शेड रिकामी करून दिली. त्याविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही. माझ्या कामातले काही त्याला विचारावेसे वाटले, ते हे पहिल्यांदाच.

दुकानात मी खिशात व्हर्नियर घालूनच गेलो. पहिल्या कॅबिनेटला समोर आणि बाजूला काच, आत रंगीत दिवे, पत्रा ०.८ मिलिमीटर. कडा आत दुमडलेल्या, कुठेही बोट कापणार नाही अशा. पावडर कोटिंग कोपऱ्यातसुद्धा एकसारखे. दुसऱ्याला समोर नुसती जाळी, पत्रा ०.६ चा, दाबला की किंचित आत जाई. पहिले उचलताना खांदा भरून आला, दुसरे एका हातात आले. माझा निकाल तिथेच लागला.

"बाबा, जड आहे म्हणून चांगलं असतंय असं नाही," मुलगा हळूच म्हणाला.

दुकानदारही कानडीत म्हणाला, "गाळी बेकु, सर." हवा पाहिजे, साहेब. मी त्याला कानडीतच पत्र्याच्या गेजवर व्याख्यान दिले. मुलाने पुढे वाद घातला नाही. बाराशे रुपये जास्त मोजून आम्ही जड पेटी घरी आणली.

जोडणी बघताना मात्र मजा वाटली. मदरबोर्डाच्या स्क्रूंची भोके बरोबर जागच्या जागी येत होती. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले, ३०५ बाय २४४ मिलिमीटरचे. त्यानंतर कितीतरी कारखाने बदलले, पण भोके तिथेच आहेत. एका मापावर एवढी वर्षे टिकलेले काम बघून माझ्यासारख्याला आदर वाटणारच. बाजूची काच काढली तेव्हा मुलाने ती गादीवर ठेवली. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने एकदम थंड केलेली असते. सपाट बाजूवर थाप सोसते, पण तिची कड फरशीच्या टाइलवर आपटली तर क्षणात खड्यांचा ढीग होतो. हे मला माहीत नव्हते. मी ती भिंतीला टेकवून उभी करणार होतो.

थंडीत सारे ठीक चालले. एप्रिलात पंखे ओरडू लागले. माडीवरच्या खोलीतून गिरणीसारखा आवाज येई. मुलगा काही बोलत नसे, दार लावून घेई. एकदा मीच वर गेलो. पडद्यावर कार्डाचे तापमान ८४ अंश.

"झाकण काढून बघूया की," मी म्हणालो.

बाजूची काच काढली. दहा मिनिटांत आकडा ७४ वर आला आणि पंखे शांत झाले. काच परत लावली, पुन्हा ८४. यापेक्षा सोपी परीक्षा नाही. झाकण काढल्यावर एवढा फरक पडत असेल, तर दोष कार्डाचा नाही, पेटीचा आहे. समोरच्या काचेमागे तीन मोठे पंखे होते, पण त्यांना हवा घ्यायला दोन्ही कडांना बोटभर फट. कार्ड दोनशे वॅट खाणारे. ती सारी वीज शेवटी उष्णताच होते. २०२२ साली आलेले आरटीएक्स ४०९० तर एकटेच ४५० वॅट घेते, म्हणजे साध्या इस्त्रीच्या जवळपास निम्मे.

मला शरम वाटली. चौतीस वर्षे मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो होतो. पेटीला झडपा पाडून घ्या, पैसे वाचवू नका, श्वास कोंडला की आतला कॉन्टॅक्टर जळतो. तेच दुकानात मी विसरलो. विसरलो असेही नाही. मुलाने विचारले, तेव्हा मला पेटी बघायची नव्हती. माझे काम किती चांगले होते ते दाखवायचे होते.

"तुला माहीत होतं ना?" मी विचारले.

"होतं की. पण तुम्ही इतक्या वर्षांनी पत्र्यावर बोलत होता."

दुसऱ्या दिवशी समोरची काच क्लिपांसकट काढली. मापे घेतली आणि आम्ही दोघे उद्यमबागेत जुन्या शेजाऱ्याच्या शेडमध्ये गेलो. भोकांचा पत्रा कापला, कडा आत दुमडल्या. मुलाने दुसरे टोक धरले होते. पत्रा वाकताना हात कुठे ठेवायचा हे त्याला सांगावे लागले. फाउंड्रीच्या वाळूची धूळ आमच्याकडे फार, म्हणून आतून नायलॉनची बारीक जाळी लावली, धुण्यासाठी सुटी निघेल अशी. हवा आत घेणारे पंखे तीन आणि बाहेर टाकणारा एक ठेवला. आत दाब थोडा जास्त राहिला की फटींतून धूळ ओढली जात नाही. ही शेवटची गोष्ट मुलाने मला शिकवली.

आता झाकण लावूनही आकडा ७६ च्या वर जात नाही. दिसायला पेटी थोडी गावठी झाली आहे, हे कबूल.

हल्ली मुलाचे मित्र कॅबिनेट घेण्याआधी मला विचारतात. मी व्हर्नियर काढत नाही. समोरून हवा कुठून शिरते ते आधी बघा, म्हणतो. मग कार्डाची लांबी आणि तिच्यापुढे पंख्यांची जाडी बसते का, प्रोसेसरच्या कूलरला उंची पुरते का, मागच्या बाजूला वायरी दडवायला दोन सेंटिमीटर जागा आहे का, धुळीची जाळी हाताने निघते का. पत्रा आणि दिवे शेवटी.

परवा मुलगा सहज म्हणाला, "बाबा, ते बेंडिंग मशीन कुणाला दिलंत?" मी नाव सांगितले. तो एवढेच म्हणाला, "विचारायला हवं होतं मी तेव्हा."

मीही विचारले नव्हते. वरच्या खोलीचे दार आता सहसा उघडेच असते.