हाकेला ओ न देणारी घंटा

१९९९ साली एम.एस. करायला आम्ही मिनेसोटात आलो, तेव्हा इथल्या जुन्या मंडळींनी एकच उपदेश केला होता, "थंडीपुढे हुशारी दाखवायची नाही." डिग्री मिळाली, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, उपदेश मात्र आम्ही विसरलो. त्याची आठवण २०१९ च्या जानेवारीत झाली, आणि चांगलीच झाली.

त्या हिवाळ्यात बाबा सांगलीहून आले होते. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. सोफ्यावर बसून राहणे त्यांच्या स्वभावात नाही. रोज सकाळी आमचा जाडजूड कोट अंगावर चढवून ते मागच्या गॅरेजमध्ये जात आणि तिथल्या डब्यातले दाणे पक्ष्यांना घालत. गॅरेज घरापासून सुटे, पंचवीस-तीस पावलांवर, आणि हीटर नसलेले. डिसेंबरात एकदा ते बर्फावरून घसरले. मुका मारच लागला, पण सौ. म्हणाली, "बाबांना तिथून हाक मारता येईल असं काहीतरी करा. इंजिनियर आहात ना?"

आता असं म्हटल्यावर दुकानातून तयार घंटा आणणं आम्हांला कमीपणाचं वाटलं! आम्ही घरीच यंत्र जुळवलं. गॅरेजच्या दाराशेजारी लाल बटण, मागे डबीत छोटा वायरलेस ट्रान्समीटर. बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटा. ट्रान्समीटरला ५ व्होल्ट लागत, अ‍ॅडॅप्टर होता १२ व्होल्टचा, म्हणून मध्ये स्विचिंग रेग्युलेटर टाकला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वीस वेळा बटण दाबून पाहिलं. वीसही वेळा घंटा वाजली. बाबांनी पाठ थोपटली.

३० जानेवारीला मिनियापोलिसचं तापमान उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सियसपर्यंत उतरलं. "आज बाहेर पडू नका," असं आम्ही बाबांना बजावलं होतं. पण पक्षी उपाशी राहतील म्हणून ते गेलेच. आत गेल्यावर दार मागे लागलं आणि कुलूप गोठून बसलं. बाबा बटण दाबत राहिले. घरात आम्ही चहा पीत होतो. घंटा वाजली नाही. पंधरा-वीस मिनिटांनी मुलीने विचारलं, "आजोबा कुठे आहेत?" तेव्हा धावलो. बाबांची बोटं पांढरीफटक पडली होती. कोमट पाण्यात हात धरून बसवलं, डॉक्टरांना दाखवलं; बोटं वाचली. बाबा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

डबी घरात आणली, बटण दाबलं, घंटा खणखणीत वाजली! पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. आम्ही डोक्याला हात लावला. बाबा खुर्चीतून म्हणाले, "अरे, घरात आणल्यावर जो रोगी बरा होतो, त्याची नाडी घरात बघून काय उपयोग?"

मग डबी फ्रीजरमध्ये गेली, ओल्या नारळाच्या पाकिटाशेजारी. वायरी दाराच्या फटीतून बाहेर काढून ऑसिलोस्कोपला जोडल्या. स्विचिंग रेग्युलेटर वीज सेकंदाला दीड लाख वेळा तोडतो-जोडतो. ते हिसके कॉइल आणि कपॅसिटर मिळून सपाट करतात. तरी उरलेली थरथर म्हणजे रिपल. घरात ती ५० मिलिव्होल्ट होती. फ्रीजरमध्ये, उणे १८ सेल्सियसला, २०० च्या वर गेली. घंटा तरीही वाजत होती.

आणखी थंडी हवी होती. कीबोर्डची धूळ उडवायचा डबा उलटा धरला की आतला द्रव गारेगार फवारतो. त्याने एकेक भाग थंड करत गेलो. रेग्युलेटरच्या चिपवर मारला, काही नाही. कॉइलवर मारला, काही नाही. आउटपुटच्या कपॅसिटरवर मारला आणि रिपल अर्ध्या व्होल्टपर्यंत फुगला. त्यातच बटण दाबलं. ट्रान्समीटरने जास्त करंट ओढला, व्होल्टेज आणखी खाली बसलं आणि आतली चिप रीसेट झाली. घंटा गप्प. सौ.चा हेअर ड्रायर कपॅसिटरवर धरला, की पुन्हा ठणठणीत! म्हणजे एरवी सगळं ठीक, फक्त हाक मारायच्या क्षणीच यंत्र झोपत होतं.

कारण आम्ही कॉलेजात शिकलो होतो. स्वस्तातल्या अ‍ॅल्युमिनियम कपॅसिटरमध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट असतो. सांगलीत थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, तसाच हा गारठ्यात घट्ट होतो. त्यातले आयन मंदावतात आणि कपॅसिटरचा आतला अवरोध दसपटीने वाढू शकतो. कॉइलमधून येणारी करंटची थरथर होती ०.६ अँपिअर. अवरोध ०.०८ ओहमचा ०.८ झाला, तर ५० मिलिव्होल्टचे जवळजवळ ५०० होणारच. तोंडी हिशेब, आधी केला असता तर!

घाईघाईत तो कपॅसिटर काढून नुसते सिरॅमिक लावले, तर रेग्युलेटरच डळमळू लागला. आमच्या जुन्या धाटणीच्या रेग्युलेटरला स्थिर राहायला तो अवरोध थोडासा लागतोच. आमटीत मिठासारखा, फार नको आणि अजिबात नाही असंही नको. शेवटी पॉलिमर कपॅसिटर लावला. त्यात द्रवाऐवजी घन पॉलिमर असल्याने थंडीत अवरोध फारसा बदलत नाही. रिपल फवाऱ्याखालीसुद्धा तिसाच्या आसपास राहिला. मग डबी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली आणि पहाटे कुडकुडत आम्ही स्वतः बटण दाबायला गेलो. घरातून बाबांचा आवाज आला, "वाजली रे!" कुलूपही त्याच दिवशी बदललं.

एप्रिलात बाबा सांगलीला परतले. त्यानंतर एक गोष्ट मनाला लागून राहिली. दर रविवारी सकाळी, आमच्या सवडीने, चहा घेत आम्ही फोन करायचो, "बाबा, बरं आहे ना?" ते म्हणायचे, "एकदम ठीक." ओट्यावरच्या डबीसारखंच. त्यांची अडचण रात्री दोन वाजता असते, लाइट गेल्यावर असते, बँकेच्या रांगेत असते. रविवारच्या फोनला ती कशी दिसणार? आता आम्ही अवेळीही फोन करतो. शेजारच्या काकूंनाही विचारतो, आणि वर्षातून एकदा तरी भर पावसाळ्यात, गैरसोयीच्या दिवसांत, तिकडे जाऊन येतो.

आणि पहिला बर्फ पडला की सांगलीहून हमखास फोन येतो, "काय रे, बटण दाबून बघितलंस का?"