मिस्त्रीचें निदान

वैद्याच्या शब्दावर आपण विश्वास ठेवतों, कारण दुखणें आपल्याच अंगांत असतें व तें थोडें तरी आपणांस कळतें. मोटारीचें दुखणें तसें नाहीं. तें लोखंडाच्या आंत असतें; आणि तें ओळखणारा व तें दूर करून पैसे घेणारा मनुष्य बहुधा एकच असतो. ह्या अडचणीचा जो अनुभव गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस आला, तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचें गांव फैजपूर. खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें पहिलें अधिवेशन डिसेंबर 1936 मध्यें येथें झालें, हें आमच्या मुलांस पाठच असतें. आजच्या पाहुण्याच्या मात्र ध्यानांत राहतात ते केळीचे ट्रक आणि वैशाखाचें ऊन. मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या घरांत गेला, म्हणजे माणसापेक्षां मोटारीचीच परीक्षा अधिक होते. आमची मोटार जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. मातुःश्रींस दर पंधरवड्यास जळगांवच्या दवाखान्यांत न्यावें लागतें, म्हणून ती चैनीची वस्तु राहिलेली नाहीं.

एप्रिलच्या अखेरीस गाडींतील थंड हवा मधूनमधून बंद पडूं लागली. खिरोद्याकडून पालच्या घाटास लागलें कीं उष्णतेचा कांटाही वर चढे. सपाटीवर तो पुन्हां उतरे. थंड हवेचा गॅस भरून घ्यावा एवढ्याच हेतूनें आम्ही गांवांतील एका लहान गॅरेजांत गेलों. मिस्त्री तरुण होता. त्यानें गाडी पुरती निवूं दिली, रेडिएटरचें झांकण काढलें, बराच वेळ आंत पाहिलें व म्हणाला, “गुरुजी, गॅसचा खर्च तूर्त करूं नका. हेड गॅस्केट गेलेलं आहे. हेड उतरवावं लागेल. 28 हजारांच्या आसपास जाईल.”

आम्ही गेलों होतों दोन हजारांच्या तयारीनें! कन्येच्या महाविद्यालयाच्या शुल्काकरितां जी रक्कम बाजूस ठेविली होती, तीही जवळजवळ तेवढीच. आणि जून तोंडावर आलेला.

घरीं सभा भरली. शेजारचे आबा म्हणाले, “नवा पोरगा आहे, गिऱ्हाईक पाहून दुखणं सांगतो.” धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं, ज्यास लबाडीच करावयाची तो आयता चालून आलेला गॅसचा धंदा कशाला सोडील? दोन्ही तर्क आम्हांस सारखेच पटले, म्हणजे एकाचाही उपयोग नव्हता. हा पेंच कांहीं आमच्याच घरचा नव्हे. मायकेल डार्बी व एडी कार्नी ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं 1973 सालीं अशा सेवांचा एक निराळाच वर्ग मानला. आंबा गोड कीं आंबट तें खाल्ल्यावर तरी कळतें. पण दुरुस्तीनंतर गाडी नीट चालली, तरी तेवढी दुरुस्ती अवश्य होती कीं नाहीं, हें गिऱ्हाइकास कळतच नाहीं.

दुसरें मत घ्यावें म्हणून आम्ही सकाळच्या गारव्यांत तापी ओलांडून भुसावळास एका मोठ्या गॅरेजांत गेलों. पहिल्याचें मत तेथें मुद्दामच सांगितलें नाहीं. सांगितल्यास दुसरा एकतर त्याचीच री ओढतो, नाहींतर त्यास खोटें पाडण्याच्या मागें लागतो. तेथील गृहस्थांनीं बॉनेट उघडलें न उघडलें तोंच सांगून टाकलें कीं, थर्मोस्टॅट बदला, 1,500 रुपयांत काम होईल. केवढा आनंद झाला म्हणून सांगावें! पण परतीच्या वाटेवर तो आनंदच खटकूं लागला. महाग निदानास जे प्रश्न विचारावयाचे, ते स्वस्त निदानास कां विचारूं नयेत?

त्या रात्रीं आम्हीं पुस्तकें चाळलीं. इंजिनाचा ठोकळा व त्यावरील हेड ह्यांमध्यें घट्ट दाबून बसविलेलें पातळ अस्तर म्हणजे गॅस्केट. एकीकडे जळत्या वायूचा दाब, दुसरीकडे इंजिन निववणारें पाणी, तिसरीकडे तेल. तिघांनीं एकमेकांस भेटूं नये एवढेंच त्याचें काम. तें फुटलें कीं पाणी तापतें. थर्मोस्टॅट अडकला तरी पाणी तापतेंच. लक्षण एक, रोग दोन! परंतु थर्मोस्टॅट कितीही बिघडला तरी तो पाण्यांत जळका वायु सोडूं शकत नाहीं, कीं सिलिंडरांतील दाब कमी करूं शकत नाहीं. निवाड्याची जागा हीच होती.

दुसऱ्या दिवशीं पहिल्या मिस्त्रीकडे जाऊन आम्हीं म्हटलें, “तुम्हांला जें दिसलं तें आम्हांलाही दाखवा.” तो रागावला असता तर काय झालें असतें कोण जाणे. पण तो हंसला व स्टूल पुढें सरकवून म्हणाला, “बसा गुरुजी, दाखवतो.” गार असतांनाच झांकण काढून त्यानें इंजिन सुरू केलें. पाण्यांतून बुडबुडे येऊं लागले. ते थांबतील म्हणून आम्हीं वाट पाहिली, ते थांबले नाहींत. मग निळ्या द्रवाची एक नळी त्यानें रेडिएटरच्या तोंडावर धरली. वर येणारा वायु तिच्यांतून ओढतांच निळें हळूहळू पिवळें झालें. ज्या मुलांनीं प्रयोगशाळेंत ब्रोमोथायमॉल ब्ल्यूमध्यें फुंकर मारली आहे, त्यांस हा रंगबदल परिचयाचा असेल. तें कार्बन डायऑक्साइडचेंच काम. शेवटीं प्लग काढून दाबमापक लावला. पहिल्या व चौथ्या सिलिंडरांचा दाब सारखा. मधल्या दोहोंचा त्याच्या निम्माही नाहीं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम दुबळे झाले, तर त्यांच्या मधलें गॅस्केट फुटलें असावें हें आमच्याही ध्यानांत आलें.

रेडिएटरच्या तोंडाशीं बसलेला पांढरा क्षार त्यानें नखानें खरवडून दाखविला. पूर्वीच्या मालकानें कूलंटच्या ऐवजीं बोअरचें पाणी भरलें असावें. ज्यांच्या घरीं त्या पाण्यानें घागरीस पुटें चढतात त्यांस अधिक सांगणें नलगे. थंड हवेचेंही कोडें सुटलें: इंजिन प्रमाणाबाहेर तापलें कीं गाडींतील यंत्रणाच काँप्रेसर बंद करते. गॅस मुळीं कमी नव्हताच.

खर्चाचा अंदाज लिहून घेतला. काम वाढल्यास आधीं विचारावें व जुनें सामान परत द्यावें असें ठरलें. पावतीचा विषय काढतांना आम्हांस उगीच संकोच वाटला. वस्तुतः पावती नाकारणें ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें अनुचित व्यापारी प्रथा आहे. मिस्त्रीनें ती न मागतां लिहिली. हेड उतरल्यावर त्याचा फोन आला: पोलादी पट्टी लावून पाहतां हेड किंचित् वांकलेलें निघालें, तें घांसून घ्यावें लागेल, 2,200 रुपये अधिक. आम्ही पाहावयास गेलों, पण ह्या खेपेस केवळ कुतूहलानें.

कन्येचें शुल्क दोन हप्त्यांत भरण्याची सवलत महाविद्यालयानें दिली. जूनच्या पहिल्या आठवड्यांत मातुःश्री भर दुपारीं जळगांवास जाऊन आल्या; कांटा मध्यावरून हालला नाहीं. जुनें गॅस्केट आमच्या कपाटांत आहे. ज्या विद्यार्थ्यांस तें पाहावयाचें असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. काळा डाग दुसऱ्या व तिसऱ्या छिद्रांच्या मध्यें आहे.