निरोप न घेणारा संगणक

घरीं आलेला पाहुणा किती वेळ बसेल याला कांहीं मर्यादा असते. परंतु “बरें, निघतों आतां” असें म्हणून उठलेला पाहुणा उंबरठ्यावर किती वेळ उभा राहील याला मर्यादा नाहीं. चपला पायांत चढलेल्या असतात, यजमान दाराची कडी धरून उभा असतो, आणि बोलणें कांहीं केल्या संपत नाहीं. आमच्या घरचा संगणक गेल्या दिवाळीपासून याच जातीचा झाला होता. दिवसभर निमूटपणें काम करी. पण रात्रीं त्याला ‘शट डाऊन’ची आज्ञा केली कीं पडद्यावर ठिपक्यांचें चक्र फिरूं लागे आणि थोड्या वेळानें तें चक्रही थिजून जाई. माऊस हलेना, कळफलक दाद देईना. आंतला पंखा मात्र घुरघुरत राही. बरें, हें रोज घडे असेंही नाहीं. पांचांतून तीन रात्री अडे आणि दोन रात्री शहाण्या मुलासारखा बंद होई.

एकत्र कुटुंबांत अशा प्रसंगीं दोन पक्ष पडावयाचेच. आमचा पुतण्या जहाल. बटण चार सेकंद दाबून धरलें कीं कोणतेंही यंत्र विझतें, मग ताटकळत कशाला बसावें, असें त्याचें म्हणणें. धाकट्या सूनबाई बँकेंत नोकरीस आहेत. हिशेब पुरा झाल्याशिवाय तिजोरी मिटूं नये हा त्यांचा बाणा. आमचे थोरले बंधू दादा या दोन्ही पक्षांपलीकडचे. त्यांनीं पहिल्याच दिवशीं आरोपी ठरवून टाकला होता. दिवाळींत आमच्या नातवानें संगणकांत मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ घातला, आणि त्याच आठवड्यांत हें दुखणें सुरू झालें. आतां आणखी पुरावा कशाला हवा? खेळ काढविण्यांत आला, मुलाला संगणकाजवळ फिरकण्याची बंदी झाली. दुखणें होतें तसेंच राहिलें. तरीही दादांचें मत बदललें नाहीं. माणूस गेला तरी सुतक राहतेंच, असें त्यांनीं सांगितलें.

हा वाद हंसण्यावारी नेतां आला असता. परंतु त्या संगणकांत आमच्या तीर्थरूपांची रोजनिशी आहे. १९५२ पासून पुढें बावीस वर्षें त्यांनीं ती मोडींत लिहिली. कागद आतां बोट लावतांच तुकडे होण्याच्या बेताला आले आहेत. घरांत मोडी वाचतां येते ती एकट्या दादांना, आणि त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू. म्हणून स्कॅनरवर पान घ्यावें, पडद्यावर तें चौपट मोठें करावें, दादांनीं वाचावें आणि सूनबाईंनीं टंकावें, असा क्रम ठरला होता. माघ महिन्यांत एका रात्रीं पुतण्यानें बटण दाबलें, आणि दुसऱ्या दिवशीं ती फाइल उघडेना. तीन दिवसांपूर्वींची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून निभावलें. तरी मधलीं चौदा पानें गेलीं. दादांनीं तीं पुन्हा वाचलीं, पण तीन दिवसांचें काम दहा दिवसांत झालें, आणि त्यांचे डोळे किती मागें हटले आहेत हें त्या दहा दिवसांत सर्वांच्या लक्षांत आलें. त्यानंतर बटणाला हात लावावयाचा नाहीं असें आम्हीं ठरविलें, आणि खरा आरोपी शोधण्याचें काम अंगावर घेतलें.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. बंद होणें ही संगणकाची एक क्रिया नव्हे, ती एक परंपरा आहे. आज्ञा होतांच तो चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला ‘आवरा’ म्हणून कळवितो आणि उत्तराची वाट पाहतो. मग पडद्याआड राबणाऱ्या सेवकांना, म्हणजे ‘सर्व्हिसेस’ना, निरोप जातो. स्मरणांत असलेला मजकूर डिस्कवर उतरतो. प्रिंटर, स्कॅनर, ध्वनियंत्र यांशीं बोलणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नांवाच्या दुभाष्यांना निजावयास सांगण्यांत येतें. आणि सर्वांत शेवटीं वीज तोडण्याचा हुकूम सुटतो. हा शेवटचा हुकूम पूर्वीं माणसालाच द्यावा लागे. १९९५ सालीं एटीएक्स नांवाची रचना निघाली, तिच्यामुळें संगणकाला स्वतःची वीज स्वतः तोडतां येऊं लागली. त्यापूर्वींच्या यंत्रांवर ‘आतां बंद करण्यास हरकत नाहीं’ एवढें अक्षरांत सांगून तें थांबे. मधेंच बटण दाबलें म्हणजे ही सारी परंपरा अर्ध्यावर तुटते. विंडोज आपल्या डिस्कची मांडणी सांवरण्यापुरती नोंद ठेवतें, म्हणून यंत्र पुन्हा सुरू होतें. पण अर्धवट लिहिल्या गेलेल्या फाइलींतील मजकूर त्या नोंदीनें परत मिळत नाहीं. मांडणी वांचली, पोथी गेली, असा तो प्रकार.

तात्पर्य, अडलेला संगणक बहुधा कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असतो. तो कोणाची, एवढाच प्रश्न. न्यायशास्त्रांत यासाठीं अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगितली आहे: अमुक असतां कार्य घडतें आणि तें नसतां घडत नाहीं, हीं दोन्ही अंगें जुळलीं तरच त्याला कारण म्हणावें. नुसतें एकाच आठवड्यांत घडलें म्हणून कारण म्हणणें हा काकतालीय न्याय. कावळा बसला म्हणून फांदी मोडत नसते. आम्हीं शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही आंखली: तारीख, काय काढलें, बंद झाला कीं नाहीं. दोष मधूनमधून घडणारा, म्हणून प्रत्येक प्रयोग सहा वेळां करावयाचा असा नियम घातला. एका रात्रींच्या यशावर निर्दोष ठरविणें हें परीक्षेंत एकच प्रश्न विचारण्यासारखें आहे.

आरंभीं रोजनिशीच्या दोन प्रती दोन ठिकाणीं केल्या. मग यंत्राच्या दप्तरांत डोकावलों. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नांवाचें हें दप्तर विंडोजमध्यें असतें. त्यांत ४१ व ६००८ या अंकांच्या नोंदी ओळीनें सांपडल्या. पण त्या एवढेंच सांगतात कीं मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद झालें नव्हतें. चोरी झाल्याची वर्दी मिळाली, चोराचें नांव नाहीं. दुसरा संशय ‘फास्ट स्टार्टअप’चा. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ही सोय आहे. तिच्यांत ‘शट डाऊन’ केल्यावर यंत्राचा गाभा पुरता मिटत नाहीं, त्याचें चित्र डिस्कवर जपून ठेवतात, म्हणजे सकाळीं लवकर उठतां येतें. ‘रीस्टार्ट’ मध्यें मात्र सर्व कांहीं मुळापासून मिटतें. रीस्टार्ट सुरळीत आणि शट डाऊन तेवढें अडत असेल, तर या सोयीकडे पाहावें. आमच्याकडे दोन्ही अडत होतीं. तरी ती सोय बंद करून पाहिली. फरक नाहीं.

मग ‘सेफ मोड’. यांत यंत्र केवळ अत्यावश्यक मंडळींनिशीं चालतें. सहाही वेळां संगणक झटकन् बंद झाला! म्हणजे दोष बाहेरून आलेल्या मंडळींत होता. बाहेरची सेवकमंडळी तेवीस निघाली. अर्धी बंद केली, दुखणें थांबलें; त्यांतील अर्धी पुन्हा चालू केली, तरी थांबलेलेंच; असें अर्ध्याचें अर्धें करीत सूनबाई आणि आम्ही अकराव्या रात्रीं एकाच नांवाशीं येऊन ठेपलों. तो होता स्कॅनरचा सेवक. पुतण्यानें आपल्या कचेरींतून निकालांत निघालेला स्कॅनर दिवाळींतच आणला होता, आणि त्याचा दुभाषा फार जुन्या विंडोजसाठीं लिहिलेला. साधा प्रोग्राम उत्तर देईना तर विंडोज त्याला बाहेर काढूं शकतें; परंतु ड्रायव्हर गाभ्यांत बसतो. त्यानें घेतलेलें काम पुरें झाल्याचें सांगितलें नाहीं, तर त्याच्यावर विसंबलेल्या सेवकालाही उठवितां येत नाहीं. सेवक आणि दुभाषा काढले, सहा वेळां ठीक. पुन्हा घातले, दुसऱ्याच रात्रीं अडला. पुन्हा काढले, ठीक. मग नातवाचा खेळ मुद्दाम परत घातला. सहाही वेळां यंत्र मिनिटाच्या आंत विझलें.

नवा ड्रायव्हर त्या कारखान्यानें काढलेलाच नाहीं, तेव्हां स्कॅनर माळ्यावर गेला. आतां पानांचीं चित्रें सूनबाईंच्या फोनवर खिडकीच्या उजेडांत घेतों; तीं स्कॅनरपेक्षां कांहीं वाईट येत नाहींत. दादांनीं वही दोनदां चाळली, खेळाच्या सहा खुणा बोटानें मोजल्या आणि कांहीं न बोलतां परत केली. मात्र दुसऱ्या दिवशीं पान अलगद उलटून धरण्याच्या कामावर त्यांनीं नातवालाच बोलाविलें. १९६१ चा ज्येष्ठ चालू आहे. पानशेत फुटल्याचीं पानें अजून यावयाचीं आहेत.